स्वस्तातले विदेशी लाकूड घेताना या चुका टाळा

मेणाने मढवलेला ठोकळा वाळलेलाच असणार, असे धरून चालणे ही लेथवर, म्हणजे लाकूड फिरते ठेवून हत्याराने कातायच्या यंत्रावर, नव्याने काम करणाऱ्यांची सर्वांत महागात पडणारी चूक आहे. लाकूड ओले असताना ते झपाट्याने वाळून तडकू नये म्हणून मेण लावलेले असते. म्हणजेच मेण हे बहुधा ओलेपणाचीच खूण असते. त्यातही असा ठोकळा वजनावर विकला जात असेल, तर आपण लाकडाच्या भावाने पाणी विकत घेत असतो.

मी स्वतः आबनुसाचे, म्हणजे काळ्या, जड, घट्ट लाकडाचे, असे दोन ठोकळे एकदम घेतले होते, कारण भाव नेहमीच्या निम्म्याहून कमी होता. त्याच रात्री एक ठोकळा लेथवर चढवून झाकणाची डबी कातली. झाकण इतके नेमके बसले होते की उचलताना हवेचा हलका आवाज येई. तिसऱ्या दिवशी सकाळी ते झाकण जागचे हलेना. डबी लंबगोल झाली होती आणि काठापासून तळाकडे केसाएवढ्या दोन भेगा उतरल्या होत्या. दुसऱ्या ठोकळ्याचे वजन १ किलो ८६० ग्रॅम होते. तो मी न कातता ठेवून दिला, आणि दीड वर्षाने तो १ किलो ५५० ग्रॅमवर येऊन थांबला. तीनशे दहा ग्रॅम पाण्याचे पैसे मी आबनुसाच्या भावाने मोजले होते.

तेव्हापासून घरात आलेल्या प्रत्येक ठोकळ्यावर मी तारीख आणि वजन पेन्सिलीने लिहितो, दोन्ही टोकांवरचे मेण तसेच ठेवून बाजूंचे खरवडतो, आणि दर महिन्याला वजन करतो. सलग तीन महिने आकडा बदलला नाही, तरच तो ठोकळा लेथपर्यंत पोहोचतो. मायक्रोवेव्हमध्ये लाकूड वाळवण्याचा सल्ला अनेक जण देतात; आबनुसासारख्या घट्ट लाकडाच्या बाबतीत मला तो मुळीच मान्य नाही. ज्याला वाट पाहवत नाही, त्याने वाळलेले लाकूड पूर्ण किमतीत घ्यावे.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे, कारण तिच्यात इजा होऊ शकते. तडा असलेला ठोकळा स्वस्त मिळतो म्हणून घ्यायचा, तडा सुपरग्लूने भरायचा आणि लेथ पूर्ण वेगाने सुरू करायचा, हा आडमार्ग पाहिला की मला खरोखर भीती वाटते. गोंद पृष्ठभागाजवळची फट भरतो. आत खोलवर गेलेला तडा तसाच राहतो आणि फिरता ठोकळा तिथूनच दुभंगून चेहऱ्याकडे येऊ शकतो. संशय आला की मी मेण खरवडलेल्या जागी स्पिरिटचा बोळा फिरवतो: पृष्ठभाग लगेच सुकतो, पण भेगेत मुरलेले स्पिरिट काही क्षण ओल्या काळ्या रेषेसारखे दिसत राहते. ती रेषा दिसली की तो भाग कापून टाकावा आणि उरलेल्यातून लहान वस्तू करावी.

रंगाला भुलून जांभळे पर्पलहार्ट किंवा लाल पादौक ही लाकडे घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की प्रकाशाने त्यांचा रंग तपकिरीकडे झुकतो. पॉलिशने ही गती कमी होते, थांबत नाही. कोकोबोलोच्या भुशाने अनेकांच्या अंगावर पुरळ उठते, म्हणून मुखपट्टी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा असावाच. हेच लाकूड तेलकट असल्याने चिकटवण्यापूर्वी ॲसिटोनने पुसावे. परदेशातून मागवताना कागदपत्रेही पाहावीत: कोकोबोलो आणि इतर रोझवुड (शिसवी लाकडे) ज्या डालबर्जिया वंशातली आहेत, तो जवळजवळ सगळा वंश २०१७ पासून सायटिस या, धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, तर ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून पहिल्या, अधिक कडक परिशिष्टात आहे. परवान्याविना आलेला माल जप्त झाला, तर वाचवलेल्या पैशांसह मूळ पैसेही जातात.

खरी स्वस्ताई मला मोठ्या ठोकळ्यांत कधी सापडली नाही. ती वाद्ये आणि फर्निचर बनवणाऱ्यांच्या कापून उरलेल्या तुकड्यांत सापडते. हे तुकडे बहुधा वाळलेल्या मालातून निघालेले असतात, त्यांच्यावर मेण नसते आणि रेषा उघड्या डोळ्यांनी दिसतात. साध्या लाकडाच्या डबीवर बसवायच्या मुठीला अंगठ्याएवढे आबनूस पुरते.