सरप्राइज कॅन्यनमधून पॅनामिंट सिटीच्या जुन्या खाणींपर्यंत पायी कसं जावं

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या पश्चिम अंगाला पॅनामिंटची डोंगररांग आहे. तिच्या पोटातून खाली उतरणारी एक अरुंद घळ म्हणजे सरप्राइज कॅन्यन. वर 1873 च्या सुमारास चांदी सापडली, नेवाडाचे सिनेटर जॉन जोन्स आणि विल्यम स्टुअर्ट यांनी तिथे पैसा ओतला आणि वर्षभरात दोनेक हजार वस्तीचं पॅनामिंट सिटी उभं राहिलं. घोडागाड्या याच घळीतून वर चढायच्या. 24 जुलै 1876 ला लोंढा आला आणि गावाचा बराचसा भाग वाहून गेला. पुढे रस्ता पुन्हा झाला, जीपगाड्याही गेल्या. 1984 च्या पुराने तोही उखडून टाकला.

आज आपण चालतो ते त्या रस्त्याच्या जागी उरलेल्या ओढ्यातून. म्हणून या ट्रेकची सगळी आखणी पाण्याकडे बघून करायची: आभाळातलं, ओढ्यातलं आणि पाठीवरच्या सॅकमधलं.

आधी महिना ठरवा

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, नाहीतर मार्च-एप्रिल. डिसेंबर-जानेवारीत वर बर्फ असू शकतो. तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, जाऊच नका. डेथ व्हॅलीत 10 जुलै 1913 ला 56.7 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं. घळ त्याहून उंचावर असली तरी खालचा कातळ तव्यासारखा तापतो. शिवाय वळवासारख्या वादळी सरी तिथे जुलै ते सप्टेंबरातच येतात. 20 ऑगस्ट 2023 ला डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकला एका दिवसात सुमारे 56 मिलिमीटर पाऊस पडला. तिथे वर्षभरात साधारण तेवढाच पडतो. डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यान जवळजवळ दोन महिने बंद राहिलं. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हवामान बघा, आणि फक्त घळीच्या तोंडाचं बघून थांबू नका. वरच्या डोंगरावर ढग असतील तर तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही लोंढा येऊ शकतो.

गाडी आणि कागदपत्रं

लॉस एंजेलिसहून साधारण चार तास. रिजक्रेस्ट किंवा ट्रोनाला पेट्रोलची टाकी भरून घ्या. पुढे बॅलरॅट नावाचं ओसाड खाणगाव लागतं. तिथून उत्तरेला थोडं जाऊन उजवीकडे घळीच्या तोंडाशी चढणारा कच्चा रस्ता धरा. तो क्रिस विक्ट कॅम्पपाशी संपतो. जमिनीपासून उंच असलेली गाडी बरी. बॅलरॅट सोडल्यावर रेंजचा भरवसा नाही, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या आणि छापील प्रतही ठेवा. वर मुक्काम करणार असाल तर डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानाच्या परवान्याचे चालू नियम बघा. घरच्या एका माणसाला सांगून ठेवा: कुठे गाडी लावतोय, किती वाजेपर्यंत फोन येईल, आणि नाही आला तर कुणाला कळवायचं.

चढाईचा अंदाज

गाडी लावतो ती जागा सुमारे 800 मीटरवर, गाव 1,900 मीटरच्या आसपास. म्हणजे साडेआठ-नऊ किलोमीटरांत अकराशे मीटर चढ. कळसूबाईचा माथा 1,646 मीटरवर आहे, त्याहून हे गाव उंच. सह्याद्रीत पाय तयार झालेल्यालाही मुक्कामाच्या सामानासह सहा तास धरावे लागतात. एका दिवसात जाऊन यायचं तर उजाडताच निघा आणि परत फिरण्याची वेळ आधीच ठरवा. नोव्हेंबरच्या मध्यापासून पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो, घळीत तर त्याच्या कितीतरी आधी अंधारून येतं. आमच्यातल्या एकाने हेडटॉर्च गाडीत विसरला आणि खालचे कातळटप्पे आम्ही तिघांनी दोन टॉर्चच्या उजेडात, एकमेकांच्या पायावर प्रकाश धरत उतरलो. त्या दिवसापासून टॉर्च सॅकच्या वरच्या कप्प्यात घातल्याशिवाय मी गाडीचं दार लावत नाही.

पहिले दोन तास: बूट भिजवाच

सुरुवातीलाच वाळवंटात आहोत यावर विश्वास बसत नाही. घोट्याएवढं स्वच्छ पाणी, दोन्ही बाजूंना घासून गुळगुळीत झालेला पांढुरका कातळ, आणि त्यावरून उतरणारे छोटे धबधबे. बूट कोरडे ठेवायला कडेच्या ओल्या दगडांवरून उड्या मारू नका, पाय तिथेच घसरतो. सरळ पाण्यातून चाला. कातळटप्प्यांवर आधी हाताची पकड तपासा, मग वजन टाका. कुणी बांधून ठेवलेला दोर दिसला तर त्यावर भार टाकू नका, तो किती उन्हाळे तिथे आहे हे कळायला मार्ग नसतो. कातळात कुठे कुठे लोखंडी खिळे ठोकलेले दिसतात. पूर आल्यानंतरही हौशी लोक विंचच्या, म्हणजे गाडीवरच्या तार गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, तारेने जीप या धबधब्यांवरून वर ओढत, त्याच्या या खुणा. 2001 पासून ही घळ गाड्यांना बंद आहे. त्यानंतर झाडोरा परत आला, आणि आता वाळुंजाच्या फांद्यांमधून वाकून जावं लागतं. पूर्ण बाह्यांचा सदरा इथे कामी येतो.

पुढे लाइमकिल्न आणि मग ब्रूअरी असे दोन झरे लागतात. ब्रूअरीपाशी सगळ्या बाटल्या भरून घ्या, कारण त्यानंतर ओढा कोरडा पडतो. गाडीतून निघतानाच माणशी चार लिटर पाणी बरोबर असू द्या. झऱ्याचं पाणी गाळून किंवा उकळूनच प्या, रानटी गाढवं तिथेच पाणी पितात. खाणीच्या बोगद्यातून झिरपणारं पाणी मात्र गाळूनही नको. पाण्यात विरघळलेले धातू साध्या फिल्टरने निघत नाहीत.

गावात

ब्रूअरीनंतर घळ रुंदावते, घसारा आणि चढ दमवतात. मग लांबूनच विटांचं धुराडं दिसतं. खनिज कुटून चांदी काढणाऱ्या 1875 च्या गिरणीचं हे धुराडं. पोचल्यावर त्याच्या सावलीत बसा आणि विटांचे थर जवळून बघा. याच गिरणीत खाणमालकांनी चांदीचे दोन-दोनशे किलोंचे गोळे ओतून घेतले असं सांगतात, दरोडेखोरांना घोड्यावर घालून पळवता येऊ नयेत म्हणून.

एखादा खिळा, बाटलीची काच, पत्र्याचा तुकडा, काहीही उचलू नका. उद्यानात ते बेकायदा आहे, आणि वस्तू हलली की तिथे दुकान होतं की भट्टी हे पुढच्याला कळत नाही. जुन्या केबिन दिसतील. बाकावर उंदरांच्या लेंड्या होत्या म्हणून आम्ही आत झोपलो नाही. हंताव्हायरस या उंदरांमार्फत पसरणाऱ्या विषाणूचा धोका त्या धुळीतूनच असतो. तंबू बाहेर लावा, पण ओढ्याच्या कोरड्या पात्रात कधीच नको.

खाणीच्या बोगद्यात शिरू नका. दारातून दोन पावलंही नाही. लाकडी टेकू दीडशे वर्षांचे असू शकतात. जमीन वाटते ती कधीकधी उभ्या विहिरीवर टाकलेली कुजकी फळी असते. आत प्राणवायू कमी असला तर भोवळ येईपर्यंत समजत नाही. बाहेर पडलेला खडकाचा चुरा आणि रुळांचे तुकडे बघूनही खाण कशी चालायची ते कळतं.

उतरताना

गुडघे थकलेले असतात, आणि ओल्या कातळावरचे टप्पे अगदी शेवटी येतात. त्यांच्या आधी दहा मिनिटं बसा, काहीतरी खारट खा, काठ्या आखूड करा. उतरताना कातळाकडे तोंड करा, एकेक जण उतरा. पाणी सकाळपेक्षा गढूळ दिसलं, किंवा वरून घरंगळल्यासारखा आवाज आला, तर बाटली-सॅक सगळं सोडून बाजूच्या उंचवट्यावर चढा. गाडीपाशी पोचलात की कोरडे मोजे घाला, आणि रेंज आली की पहिला फोन त्या घरच्या माणसाला करा.