‘थँक्यू म्हण बघू!’ : लहान मुलांना कृतज्ञता शिकवताना या चुका टाळा

“काकांना थँक्यू म्हण बघू” असं म्हटलं की तीन वर्षांचं मूल आईच्या मागे लपतं. ते उर्मट नसतं. चार माणसं आपल्याकडे बघताहेत आणि तो शब्द म्हटल्याशिवाय खाऊ हातात पडणार नाही, एवढंच त्याला कळलेलं असतं. शेवटी शब्द येतो, पण सुटका करून घेण्यासाठी. समोरच्यानं मुद्दाम माझ्यासाठी काही केलं, हे कळायला त्याच्या मनात काय असेल याचा अंदाज यावा लागतो आणि ती समज साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास पक्की होऊ लागते. तोवर तुम्हीच बोला: “आठवणीनं चिकू आणलेत, त्याला फार आवडतात.” मग मुलाकडे बघून पाच-सात सेकंद थांबा. ते बोललं तर छान, नुसतं हसलं तरी पुरे. काहीच केलं नाही तर विषय सोडा, खाऊ रोखू नका.

दुसरी चूक मोठ्यांची, आणि आम्हाला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या घरात आईला किंवा बायकोला ‘धन्यवाद’ म्हटलं तर परकं वाटतं. तो शब्द नसला तरी हरकत नाही. पण “आमटी फक्कड झालीय”, “तू दमलीस, ताटं मी उचलतो” हेही कुणी बोलत नसेल, तर मुलानं ते ऐकायचं कुठे? दिवसातून एकदा तरी असं वाक्य मुलासमोर बोला. नुसतं “छान” नको. काय केलं आणि त्यानं काय झालं, दोन्ही सांगा: “आजोबांनी छत्री आणून दिली, म्हणून आपण भिजलो नाही.”

रात्री साडेनऊला, डोळे मिटत आलेले असताना “आज काय चांगलं झालं?” विचारलं तर उत्तर ठरलेलं: “माहीत नाही.” नाहीतर रोज “आई”. यात वेळ चुकते आणि प्रश्नही फार मोठा होतो. तो जेवणावर आणा आणि बारीक करा: “डब्याचं झाकण आज कुणी उघडून दिलं?” घरात ‘वदनी कवळ’ म्हणत असाल तर उत्तमच. मात्र डोळे पोळीवर ठेवून श्लोक भरभर संपतो, त्याचा अर्थ पोचत नाही. श्लोकानंतर एकच प्रश्न जोडा: “ही पोळी कुणाकुणाच्या हातून आली?” शेतकरी, गिरणीवाले काका, आजी: तीन हात बास. तीन वर्षांखालच्या मुलाला एकच, समोर दिसणारा. यादी लांबली की पोळी गार होते आणि मूल कंटाळतं.

भाजी टाकली की “गरीब मुलांना हेही मिळत नाही” हे अगदी टाळा. त्यातून मुलाला अपराधी तरी वाटतं, नाहीतर आपण त्या मुलांपेक्षा वरचे आहोत असं तरी. मुळात वाढताना जास्त पडलेलं असतं. दोन चमचे वाढा, लागलं तर ते मागेल. तसंच रडणाऱ्या मुलाला “एवढं आणून दिलं तरी रडतोस!” म्हणू नका. आधी “राग आलाय ना?” म्हणून त्याला शांत होऊ द्या. कृतज्ञतेचं बोलणं त्या तासाभरात काढूच नका.

खाऊ आणि भेटवस्तू यांच्यापुरतंच हे ठेवलं तर रोज राबणारी माणसं मुलाच्या नजरेतून सुटतात. घंटागाडीचं उदाहरण घ्या. ओला-सुका कचरा वेगळा करताना केळ्याची साल कुठल्या डब्यात जाते ते मुलाला ठरवू द्या. काच फुटली तर तुकडे तुम्हीच उचला, वर्तमानपत्राच्या जाड थरांत गुंडाळा आणि वर लाल फुली मुलाकडून काढून घ्या. “कचरा उचलणाऱ्या मावशींचा हात कापू नये म्हणून.” त्या फुलीत आभार आहेत, आणि मुलाला ते करता येतात.

‘आज कुणी आपल्यासाठी काय केलं’ याच्या चिठ्ठ्या रोज बरणीत टाकायचा बेत पहिल्या आठवड्यातच बारगळतो. रविवारी त्याचंच एक चित्र काढा, पुरे. चिठ्ठीऐवजी राजमा किंवा मणी टाकणार असाल, तर तीन वर्षांखालचं मूल घरात असताना नको; घशात अडकतात.

कधी कधी मूल “थँक्यू पंखा, थँक्यू चप्पल” करत सुटतं. ओरडू नका, त्यात सामील व्हा: “चप्पल तुटली होती, शिवली कुणी?”

आजी-आजोबा दूर, कदाचित परदेशात असतील तर व्हिडिओ कॉलवर हाच जुना गोंधळ होतो. लाडवांचं पार्सल आलेलं असतं आणि “आजीला थँक्यू म्हण” ऐकताच मूल सोफ्यामागे पळतं. कॉलची वाट न बघता, तोंडाला बेसन लागलेलं असतानाच फोटो काढा आणि आजीला काय सांगायचं ते मुलाला विचारा. “अजून पाठव” म्हणालं तर तेच, जसंच्या तसं, लिहून धाडा.