अल्बमचं पहिलं सिंगल कसं निवडावं

गाणी रेकॉर्ड झाली आहेत, मिक्स (आवाज आणि वाद्यं जुळवून तयार केलेली गाणी) हातात आहेत आणि अल्बममधला क्रमही ठरत आला आहे, असं धरून चालतो. आता एकच प्रश्न उरतो: यातलं कोणतं गाणं लोकांनी सगळ्यात आधी ऐकायचं, म्हणजे अल्बमच्या आधी सिंगल म्हणून एकटंच सोडायचं? मी रॉक बँडमध्ये बास वाजवतो. आजवर चार अल्बमांच्या वेळी आम्ही हा निर्णय घेतला. त्यातला दुसरा साफ चुकला, आणि पुढे जे लिहितो आहे त्यातलं बरंचसं त्या चुकीने शिकवलं आहे.

'तुमचं सगळ्यात चांगलं गाणं आधी सोडा' हा सल्ला प्रत्येक बँडला मिळतो. तो ऐकू नका. सगळ्यात चांगलं गाणं बऱ्याचदा ऐकणाऱ्याकडे सवड मागतं. लेड झेपेलिन या बँडचं 'स्टेअरवे टू हेवन' आठ मिनिटांचं आहे आणि पायरीपायरीने चढत जातं. १९७१ साली ते गाणं असलेला अल्बम आला, पण अमेरिकेत ते गाणं सिंगल म्हणून विक्रीला आलंच नाही. सिंगल झालं ते त्याच अल्बममधलं 'ब्लॅक डॉग'. पहिल्या सिंगलचं काम वेगळं असतं. तुम्हाला अजिबात न ओळखणारा माणूस तिथे थांबला पाहिजे आणि दोन दिवसांनी ते गाणं त्याच्या डोक्यात आपसूक वाजलं पाहिजे.

पायरी १: तीनच गाणी ठेवा

ज्याचा इंट्रो (गायन सुरू होण्याआधीचं वादन) मिनिटभर चालतो ते आणि आधीच्या गाण्याशिवाय ज्याला अर्थ नाही ते बाजूला काढा. मग उरलेल्यांतून तीन निवडा. यात अर्धा तासही जात नाही.

पायरी २: मतदान करू नका

खरी अडचण इथे आहे. दुसऱ्या अल्बमच्या वेळी आम्ही चौघांनी अगदी रीतसर मतदान केलं. पाच गाणी, प्रत्येकाने पहिली ते पाचवी पसंती लिहायची, बेरीज करायची. जे गाणं जिंकलं ते चौघांपैकी एकाचंही पहिल्या पसंतीचं नव्हतं. सगळ्यांनी त्याला दुसरा क्रमांक दिला होता. आम्हाला वाटलं, चला, एकमत झालं. गाणं आलं, ओळखीच्या लोकांनी 'छान आहे' म्हटलं आणि पुढे काहीच घडलं नाही. कुणी दुसऱ्याला पाठवलं नाही, कुणी कार्यक्रमात त्याची फर्माईश केली नाही. आणि जे गाणं आमच्या ड्रमरने पहिलं आणि गिटारवाल्याने शेवटचं ठेवलं होतं, ते अल्बम आल्यावर लोक आमच्याआधी गाऊ लागले. तोवर पाच महिने निघून गेले होते.

पाचामुखी परमेश्वर ही म्हण इतरत्र खरी असेल, इथे नाही. मतदानातून तेच गाणं वर येतं ज्याला कुणाचा विरोध नसतो. पहिलं सिंगल मात्र असं हवं की ज्याच्यावर कुणीतरी वेड्यासारखं प्रेम करेल, मग दुसऱ्या कुणाला ते अजिबात आवडलं नाही तरी चालेल. एखाद्या गाण्यावर बँडमध्येच कडाक्याचं भांडण झालं तर ते यादीतून काढू नका. ती चांगली खूण आहे.

शिवाय बँडमधल्या कुणालाच आपलं गाणं ऐकू येत नाही. गिटारवाल्याला त्याचा सोलो ऐकू येतो, गायकाला त्याची ओळ, ड्रमरला सतरा वेळा रेकॉर्ड करून जमलेला फिल (दोन ओळींमधला ड्रमचा छोटा तुकडा). मी स्वतः एका गाण्यासाठी दोन आठवडे भांडलो, कारण त्यातली बासलाइन मला आवडत होती. जो तो आपलंच घोडं दामटतो. त्यात सगळ्यात शेवटी लिहिलेलं गाणं सगळ्यांनाच उजवं वाटतं. ते उजवं नसतं, फक्त तीनशे वेळा ऐकून झालेलं नसतं. ब्लॅक सॅबथचं 'पॅरानॉइड' १९७० साली अल्बममधली जागा भरण्यासाठी शेवटी झटपट लिहिलं गेलं, तेच सिंगल झालं आणि अल्बमलाही त्याचंच नाव मिळालं, हा दाखला तुम्हाला कुणीतरी देईलच. तो खरा आहे. पण ते गाणं चाललं ते त्याच्या रिफमुळे, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्यामुळे. शेवटी लिहिलं गेलं होतं म्हणून नव्हे.

मग करायचं काय? रॉक ऐकणारी, पण तुमच्या रिहर्सलला कधीही न आलेली सहा ते आठ माणसं शोधा. त्यांना एकेकटं ऐकवा. चार जण एकत्र बसले की एकमेकांचे चेहरे बघून मत बनवतात. साध्या फोनच्या स्पीकरवर नाहीतर रोजच्या वापरातल्या इअरफोनवर ऐकवा, स्टुडिओतल्या मॉनिटर स्पीकरवर मुळीच नको. तिथे सगळंच भव्य वाटतं. तिन्ही गाणी एकेकदाच लावा आणि प्रत्येकासाठी क्रम बदला. 'हे आमचं खास आहे' असलं काही बोलू नका. जमलं तर तुम्ही खोलीत थांबूही नका.

ऐकून झाल्यावर 'कोणतं आवडलं?' हे विचारायचं नाही. हे मी कळकळीने सांगतो आहे. समोर बसलेला माणूस तुमचं मन राखतो. शिवाय नुकतंच ऐकलेलं शेवटचं गाणं त्याच्या कानात ताजं असतं. चहूकडून कौतुक गोळा करून तुम्ही पुन्हा मतदानाच्याच दारात येऊन उभे राहाल. त्याऐवजी दोन दिवस थांबा, फोन करा आणि एवढंच म्हणा: "परवा ऐकलेल्यातलं काही आठवतंय का? गुणगुणून दाखव." शब्द चुकले तरी हरकत नाही, सूर हलला तरी हरकत नाही. आठातल्या पाच जणांनी एकाच गाण्याचा तुकडा गुणगुणला की उत्तर मिळालं. आमच्या तिसऱ्या अल्बमच्या वेळी जे गाणं लोकांनी गुणगुणलं त्याला तेव्हा नावसुद्धा नव्हतं.

शेवटचा शब्द मात्र एकाच माणसाचा असू द्या आणि तो माणूस ऐकवण्याआधीच ठरवा. आमच्याकडे तो मान ड्रमरचा, कारण आमची ड्रमर गाणी लिहीत नाही, त्यामुळे तिचं स्वतःचं लेकरू शर्यतीत नसतं. बँडबाहेरच्या जाणत्यांचं जरूर ऐका, पण त्यांचाही अंदाज चुकतो. मेटॅलिकाचा १९९१ चा अल्बम येण्याआधी पहिल्या सिंगलसाठी निर्माता बॉब रॉकचा कौल 'होलियर दॅन दाऊ'ला होता. ड्रमर लार्स उलरिक 'एंटर सँडमन'वर ठाम राहिला. त्याच वर्षी निर्वाणाच्या कंपनीची मोठ्या यशाची भिस्त 'कम अॅज यू आर'वर होती आणि 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' त्याआधी फक्त जमीन तयार करण्यासाठी होतं. प्रत्यक्षात 'एंटर सँडमन' आणि 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' हीच जगभर गाजली.

पायरी ३: गाणं अल्बमबद्दल खोटं तर बोलत नाही ना?

निवडलेलं गाणं अल्बमच्या बाजूला ठेवून बघा. तुमचा आवाज बदलला असेल तर ते पहिल्याच सिंगलने सांगितलं पाहिजे. यू-टूने १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये 'द फ्लाय' आधी आणलं: खरखरीत गिटार, ओळखू न येणारा गायकाचा आवाज. ऐकणाऱ्याला लगेच कळलं की ही मंडळी आता दुसरीकडे निघाली आहेत. पुढच्या महिन्यात 'आख्टुंग बेबी' हा अल्बम आला. त्यातलं 'वन' कितीतरी अधिक लोकांना पटकन आवडलं असतं, पण ते सिंगल म्हणून १९९२ मध्ये आलं, आणि तेच बरोबर होतं.

याच कारणासाठी माझं ठाम मत आहे की अल्बममधलं एकमेव संथ, अकूस्टिक गाणं कधीही पहिलं सोडू नये. ते चालेलसुद्धा, आणि धोका तिथेच आहे. एक्स्ट्रीमचं 'मोअर दॅन वर्ड्स' १९९१ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि दोन आवाज व एका गिटारच्या त्या गाण्यामागून अल्बमकडे वळलेल्यांना तिथे फंक-मेटल भेटलं. त्या बँडने निदान ते गाणं पहिलं काढलं नव्हतं. तुम्ही काढलंत तर पुढची काही वर्षं लोक तेवढंच मागत राहतील.

पायरी ४: लांबी आणि सुरुवात

लांबीला घाबरू नका. क्वीनचं 'बोहेमियन रॅप्सोडी' जवळजवळ सहा मिनिटांचं आहे आणि १९७५ च्या अखेरीपासून ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. कधीकधी गाणं वाढवावंही लागतं. पिंक फ्लॉइडचं 'अनदर ब्रिक इन द वॉल, भाग २' मुळात एक कडवं आणि एक कोरस (ध्रुवपद) एवढंच होतं. निर्माता बॉब एझरिनने तोच भाग पुन्हा जोडला, त्यावर शाळेतल्या मुलांचा आवाज घेतला आणि सिंगल तयार झालं.

स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्यावरच एक स्ट्रीम, म्हणजे गाणं एकदा ऐकल्याची नोंद, मोजला जातो. म्हणून 'कोरस पहिल्या दहा सेकंदांत आणा' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यासाठी गाण्याची मोडतोड करू नका. त्या अर्ध्या मिनिटात रिफ किंवा गायकाचा आवाज पोचला की पुरे. इंट्रो लांब असेल तर मिक्स करणाऱ्याकडूनच आखूड करून घ्या.

पायरी ५: तारखा

अल्बमच्या पाच-सहा आठवडे आधी पहिलं सिंगल, मध्ये दुसरं. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट बनवणाऱ्या संपादकांकडे गाणं पाठवायला किमान सात दिवस आधीची मुदत असते. मी तीन आठवडे आधी पाठवतो. सिंगलचं रेकॉर्डिंग आणि अल्बममधलं रेकॉर्डिंग एकच असेल तर दोन्हीकडे आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) तोच द्या. एका वेळी आम्ही हे विसरलो आणि अल्बममधल्या गाण्याची मोजणी शून्यापासून सुरू झाली.

सिंगल न काढताच अल्बम आणण्याचा विचार डोक्यात असेल तर तो सोडा. २००० साली रेडिओहेडने 'किड ए' तसा आणला, पण तोवर त्यांची वाट बघणारे लोक जगभर होते.

आणि निवड जाहीर कराल त्याच बैठकीत दुसऱ्या सिंगलची तारीख लिहून टाका. ज्याचं गाणं मागे पडलं तो त्या रात्री गप्प घरी जातो, आणि गप्प गेलेला माणूस पुढच्या रिहर्सलला उशिरा येतो. हे मी तीनदा पाहिलं आहे. त्याला फ्लीटवुड मॅकची गोष्ट सांगा. 'रूमर्स' या अल्बममधून १९७६ च्या डिसेंबरात आधी 'गो युअर ओन वे' आलं. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं ते त्याच्या मागून आलेलं 'ड्रीम्स'.