बोर्डाला वीज देण्याआधी

मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डाला यूएसबी लावली, एक एलईडी लुकलुकवला की सुरुवात झाली. लिनक्स चालवणाऱ्या मायक्रोप्रोसेसर बोर्डाचं तसं नसतं. त्याची रॅम चिपच्या बाहेर, प्रोग्रॅम मेमरी कार्डावर किंवा ईएमएमसीत (बोर्डावरच बसवलेल्या साठवणीच्या चिपमध्ये), आणि वीज मिळाल्यापासून लॉगिन दिसेपर्यंत तीन-चार प्रोग्रॅम एकामागून एक सूत्रं हाती घेतात. त्यातला कुठलाही अडला तरी बाहेरून दिसतं एकच, निपचित पडलेला बोर्ड. म्हणून तयारीत पहिला मान एचडीएमआयच्या स्क्रीनला नाही, सीरियल कन्सोलला, म्हणजे बोर्डाचे संदेश दोन-तीन वायरींवरून संगणकावर वाचायच्या आणि उत्तर टाइप करायच्या सोयीला.

आधी बोर्डावरच यूएसबी-सीरियलची चिप आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा. असेल तर केबल पुरते, पण ती डेटाची हवी. नुसती चार्जिंगची केबल लावली तर बोर्डावरचा दिवा लागतो आणि संगणकावर नवीन पोर्ट काही येत नाही. चिप नसेल तर ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर घ्या. वायरी तीनच: ग्राउंडला ग्राउंड, टीएक्स (पाठवणारी पिन) आरएक्सला (घेणाऱ्या पिनला), आरएक्स टीएक्सला. अडॅप्टरची व्हीसीसीची, म्हणजे वीज देणारी वायर मोकळी ठेवून टोकाला टेप लावा. जुनी नऊ पिनांची आरएस-२३२ केबल थेट लावू नका. तिच्यावरचे अधिक-उणे व्होल्टेज प्रोसेसरच्या पिनला झेपत नाहीत. उदाहरणार्थ, बीगलबोन ब्लॅक या लिनक्स बोर्डावर जे१ या सहा पिनांच्या हेडरवर १ नंबर ग्राउंड, ४ आरएक्स आणि ५ टीएक्स आहे.

बोर्डाला जोडण्याआधी अडॅप्टरचे टीएक्स-आरएक्स एकमेकांना जोडून टर्मिनलमध्ये दोन अक्षरं टाइप करा. तीच परत उमटली तर केबल, ड्रायव्हर, परवानगी, सगळं जागेवर आहे. पोर्ट उघडायलाच नकार मिळाला तर डेबियन-उबुंटूवर स्वतःला डायलआउट गटात (सीरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्यांच्या) घालून पुन्हा लॉगिन करा. सेटिंग बहुतेक बोर्डांना ११५२००, ८ बिट, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १. फ्लो कंट्रोल (समोरचा तयार असेल तेव्हाच पाठवायची पद्धत) बंद करायला विसरू नका. ते चालू राहिलं की बोर्डाचा मजकूर दिसतो पण आपण टाइप केलेलं पोचत नाही, आणि माणूस तासभर वायरी तपासत बसतो. कचरा अक्षरं आली तर वेग चुकलाय. संगणकावर मॉडेममॅनेजर हा लिनक्सचा प्रोग्रॅम चालू असेल तर बंद करा. तो नव्या पोर्टाला मॉडेम समजून कमांड पाठवतो आणि यू-बूट या बूटलोडरची (लिनक्स मेमरीत आणून सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची) उलटी मोजणी मध्येच थांबते.

विजेसाठी मॅन्युअलमध्ये लिहिलंय तोच अडॅप्टर घ्या. बीगलबोन ब्लॅकला ५ व्होल्ट लागतात, प्लग ५.५ बाय २.१ मिलिमीटर, आत अधिक; २ अँपिअरचा घेतला की काळजी नाही. १२ व्होल्टच्या अडॅप्टरलाही हुबेहूब असाच प्लग असतो, तेव्हा प्रत्येकाच्या वायरीवर चिठ्ठी चिकटवा आणि पहिल्यांदा मल्टिमीटर लावूनच जोडा. संगणकाच्या साध्या यूएसबी पोर्टवर ५०० मिलिअँपिअरचाच भरवसा धरता येतो. तेवढ्यावर कर्नल (लिनक्सचा गाभा) उठतो, मग वाय-फाय किंवा कॅमेरा चालू होताच कन्सोलवरची ओळ अर्ध्यात तुटते आणि पुन्हा बूटलोडरची पहिली ओळ येते. दिसायला सॉफ्टवेअरचा बिघाड, असते विजेची उपासमार. बोर्ड बंद असताना बाहेरून कुठल्याही पिनवर व्होल्टेज देऊ नका. ते संरक्षक डायोडमधून आत शिरून चिप धड चालू ना धड बंद अशी ठेवतं.

कार्ड ८ किंवा १६ जीबीचं पुरे, पण खात्रीचं. इमेज (पूर्ण सिस्टिमची एकच फाइल) डाउनलोड झाली की चेकसम, म्हणजे फाइल धड उतरली का ते सांगणारा आकडा, जुळवा. ती फाइल म्हणून कार्डावर कॉपी करून चालत नाही, लिहावी लागते, तीही पार्टिशनवर नाही तर पूर्ण कार्डावर: लिनक्समधल्या नावांत सांगायचं तर एसडीबी१ नव्हे, एसडीबी. त्यासाठी डीडी ही कमांड वापरणार असाल तर कार्ड काढून-घालून कुठलं नाव येतं-जातं ते डोळ्यांनी बघा. चुकलात तर स्वतःच्याच डिस्कवर नांगर फिरेल.

कुठून सुरू व्हायचं, कार्डावरून की ईएमएमसीवरून, हे ठरवणारे बूट स्विच हा खरा फसवा प्रकार. त्यांची स्थिती चिप वीज येतानाच वाचते. बीगलबोन ब्लॅकवर कार्डावरून सुरू करायला एस२ हा स्विच दाबून धरायचा तो वीज देताना. नुसतं रीसेट दाबून ईएमएमसीवरून कार्डावर जाता येत नाही. तिथे पी८ हेडरच्या ३१ ते ४६ या पिनाही चिप वीज येताना वाचते आणि त्यावरून कुठून सुरू व्हायचं ते ठरवते, त्यामुळे त्यांच्यावर काही जोडलेलं असेल तर कालपर्यंत सुरू होणारा बोर्ड आज गप्प बसतो. पहिल्या दिवशी हेडर रिकामे ठेवा. कन्सोलवर इंग्रजी सी हे अक्षर ओळीने येत राहिलं तर घाबरू नका: रॉमला (चिपमध्येच कायमच्या असलेल्या पहिल्या प्रोग्रॅमला) कार्डावर वा ईएमएमसीत काही सापडलेलं नाही, म्हणून ती सीरियलवरून फाइल मागतेय. चिप जिवंत आहे, दोष कार्डात शोधा. ‘स्टार्टिंग कर्नल’ म्हणून शांतता पसरली तर मात्र कर्नलला दिलेलं कन्सोलचं नाव किंवा डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणारी फाइल) तपासायची.

कंपायलर सावकाश बसवला तरी चालेल, फक्त बोर्डावरच्या सिस्टिमशी जुळणारा हवा. फाइल समोर दिसतेय आणि चालवल्यावर ‘अशी फाइल नाही’ असं उत्तर येतं, तेव्हा बहुधा फाइल नव्हे, तिला लागणारा लोडर (प्रोग्रॅम मेमरीत आणून चालू करणारी फाइल) नसतो. हार्ड-फ्लोट आणि सॉफ्ट-फ्लोट या, दशांश संख्या हाताळायच्या दोन पद्धतींची गल्लत. स्वतःची लिनक्स सिस्टिम मुळापासून बांधणाऱ्या योक्टोच्या वाटेला पहिल्या आठवड्यात जाऊच नये.

लॉगिन झालं की पहिला पूर्ण बूट लॉग फाइलमध्ये ठेवा. पुढे बिघडलं की शेजारी ठेवून ताडायला तोच लागतो. मग तारीख बघा. बॅटरीवर चालणारं घड्याळ नसेल तर बोर्ड कुठल्याशा जुन्या साली, कधी थेट १९७० सालात, उठतो, आणि नेटवर्क नीट असूनही पॅकेज उतरवताना सर्टिफिकेटच्या तक्रारी येतात. काम संपल्यावर पॉवरऑफ द्या, दिवे विझेपर्यंत थांबा, मगच प्लग ओढा.