क्लाउडसिममध्ये दुसरे व्हीएम का तयार होत नाही?

मेलबर्न विद्यापीठात तयार झालेल्या क्लाउडसिम या क्लाउड-सिम्युलेटरची जावातली पहिली उदाहरणे चालली, की बहुतेक जण व्हीएमची (आभासी यंत्रांची) संख्या वाढवतात आणि तिथेच अडकतात. पहिल्या उदाहरणातल्या होस्टला (व्हीएम चालवणाऱ्या सर्व्हरला) २०४८ एमबी रॅम आहे, व्हीएमला ५१२ लागते. म्हणजे चार बसायला हवीत. पण होस्टला कोर एकच, तोही १००० एमआयपीएसचा (सेकंदाला इतक्या दशलक्ष सूचना), आणि पहिले व्हीएमच ते सगळे घेते. दुसरे नाकारले जाते. लॉगमध्ये ‘फेल्ड बाय एमआयपीएस’ शोधा.

खरा धोका पुढे आहे. प्रोग्राम थांबत नाही. विशिष्ट व्हीएमशी न बांधलेली क्लाउडलेट्स (चालवायची कामे) ब्रोकर, म्हणजे कामे वाटणारा घटक, तयार झालेल्या व्हीएमवर टाकतो आणि निकालाचा तक्ता नीटनेटका छापला जातो! म्हणून आकडे वाचण्याआधी तयार झालेली व्हीएम मोजा.

उपाय सोपा: कोरच्या यादीत चार कोर घाला, किंवा प्रत्येक व्हीएम २५० एमआयपीएसचे करा.

मग हातानेच पडताळा. ४,००,००० एमआयचे (दशलक्ष सूचनांचे) क्लाउडलेट १००० एमआयपीएसच्या एका कोरवर ४०० सेकंद घेते (हे सेकंद घड्याळातले नव्हेत, सिम्युलेशनचे). एकाच व्हीएमवर अशी दोन टाकली, तर क्लाउडलेट शेड्युलर स्पेस-शेअर्ड (एकामागून एक चालवणारा) असताना पहिले सुमारे ४०० ला आणि दुसरे ८०० ला संपते. टाइम-शेअर्ड (कोर वाटून एकाच वेळी चालवणारा) असताना दोन्ही ८०० च्या आसपास. वेगळे काही दिसले, तर अल्गोरिदमला हात लावू नका, आधी मांडणी तपासा.