व्हीएमला राऊटरकडूनच आयपी पाहिजे होता, त्या नादात रात्री लातूर गाठावं लागलं

ऑफिसच्या उबुंटू सर्व्हरवर केव्हीएम (एका मशीनमध्ये आभासी कॉम्प्युटर, म्हणजे व्हीएम, चालवायचं सॉफ्टवेअर) टाकलेलं, व्हीएममधून नेट चालू पण बाकीच्या पीसीवरून व्हीएम दिसंना, कारण लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) आपलं आपण १९२.१६८.१२२ वालं नॅट देतं, म्हणजे व्हीएम सर्व्हरच्या आड वेगळ्या नेटवर्कात राहतं. म्हणलं ब्रिज करू, म्हणजे व्हीएम थेट ऑफिसच्या नेटवर्कात येईल, त्यात काय एवढं.

मी घरी औशात, सर्व्हर लातूरला. एसएसएचवरूनच (लांबून सर्व्हरवर कमांड मारायची सोय) नेटप्लॅनच्या (उबुंटूचं नेटवर्क सेटिंग) फाईलीत बीआर० नावाचा ब्रिज टाकला, लॅनकार्ड त्याला जोडलं, पण आयपी कार्डावरच ठेवला आन् अप्लाय मारलं. झालं, कनेक्शन गेलं. रात्री साडेनवाला गाडी काढली, वीसेक किलोमीटर, वरून बायकोचं बोलणं येगळंच.

चूक एवढीच की कार्ड ब्रिजमध्ये गेलं की ते निस्तं पोर्ट राहतं, आयपी, गेटवे, डीएनएस सगळं बीआर० वर पाहिजे आन् कार्डावर डीएचसीपी (आपोआप आयपी घेणं) बंद. आणि लांबून करताना अप्लाय नाही तर 'नेटप्लॅन ट्राय' मारायचं, १२० सेकंदात एंटर नाही दाबलं तर जुनं सेटिंग वापस येतं (ब्रिजच्या काही सेटिंगला ते वापस घेता येत नाही, तेवढं ध्यानात ठेवा).

तरीबी व्हीएमला आयपी मिळंना! तासभर डोकं खाजवलं. त्याच सर्व्हरवर डॉकर (कंटेनर चालवायचं सॉफ्टवेअर) होतं, ते आयपीटेबल्सची (लिनक्सची फायरवॉल) फॉरवर्ड पॉलिसी ड्रॉप करून ठेवतं, म्हणजे पुढं जाणारी पाकिटं अडवतं, आन् ब्रिजची पाकिटंबी त्याच चाळणीत अडकतात. डॉकर-युजर चेनमध्ये (फायरवॉलमधली आपले नियम टाकायची यादी) बीआर० ते बीआर० अ‍ॅक्सेप्ट केलं, लगेच आयपी आला.

वायफायवर हे करत बसू नका, अ‍ॅक्सेस पॉईंट शक्यतो दुसरा मॅक (नेटवर्क कार्डाचा पत्ता, व्हीएमचा वेगळा असतो) घेतच नाही.