प्राण्याचं सुख-दुःख ओळखताना या चुका टाळा

निवाऱ्यात नवा कुत्रा येतो. दोन दिवस भुंकून भुंकून त्याचा घसा बसतो, तिसऱ्या दिवशी तो गप्प होतो. “रुळला हो,” म्हणत सगळे पुढच्या पिंजऱ्याकडे वळतात. जरा थांबून बघा. अंग भिंतीला चिकटलेलं, कान मागे, डोळे उघडे पण नजर कशावरच नाही. समोर खाऊ टाकला तरी मान वळत नाही. या कुत्र्याने हाय खाल्ली आहे.

शांत म्हणजे समाधानी, ही मला सगळ्यात घातक वाटणारी चूक. 1967 मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात काही कुत्र्यांना विजेचे झटके काही केल्या थांबवता येत नव्हते. पुढे सुटायची वाट मोकळी असूनही त्यांतले बरेच जागचे हलले नाहीत. “आपल्या हातात काही नाही” हे ते शिकले, असा अर्थ तेव्हा लावला गेला. अनेक वर्षं उंदरांच्या मेंदूवर काम केल्यावर मायर यांनीच तो अर्थ फिरवला. न टळणाऱ्या त्रासात गप्प पडणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते “माझ्या करण्याने फरक पडतो” हे. मेंदूच्या कपाळामागच्या भागाला ते उमगलं की तो मेंदूच्या बुंध्यातल्या, सेरोटोनिन नावाचं रसायन सोडणाऱ्या केंद्राला आवर घालतो, आणि ते गप्प पडणं टळतं. म्हणून नुसती मऊ गादी देऊन भागत नाही. आडोसा द्या, आणि बाहेर कधी यायचं ते त्यालाच ठरवू द्या.

दुसरी चूक घरोघरी होते: कुत्र्याच्या चेहऱ्यावर अपराधीपणा वाचणं. कुत्र्यांच्या वागणुकीच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये हे तपासलं. कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला होता की नाही, याचा त्या ‘ओशाळ्या’ चेहऱ्याशी संबंधच सापडला नाही. मालक रागावला की तो चेहरा दिसायचा, आणि काही न करता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांत तर जास्तच. म्हणजे आपण कबुली समजतो ती धास्ती असते. त्यावर आणखी ओरडणं थांबवा.

कॉर्टिसोल, म्हणजे ताणात शरीरात वाढणारं संप्रेरक, वाढलं की प्राणी दुःखी, हेही घाईचं अनुमान. ते समागमाच्या वेळी वाढतं, जोरात पळापळ केल्यावरही वाढतं. आकड्याशेजारी वागणूक लिहिलेली नसेल तर तो आकडा मुका आहे.

पिंजऱ्यात त्याच त्या फेऱ्या मारणाऱ्या प्राण्याबद्दल दोन्ही बाजूंनी चुकतं. जागा सुधारली तरी फेऱ्या थांबत नाहीत, तेव्हा सुधारणा फुकट गेली असं समजू नका; जुन्या हालांची ती खूण मागे राहिलेली असू शकते. त्या जबरदस्तीने थांबवू तर अजिबात नका. एकाच वाईट जागेत फेऱ्या मारणाऱ्यापेक्षा काहीच न करणाऱ्याची अवस्था कधी कधी अधिक वाईट असते. आधी त्या गप्प बसलेल्याकडे जा.

“त्याला कुठे फरक पडतो” हे त्याला विचारल्याशिवाय म्हणू नका. विचारता येतं! प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासक जॉर्जिया मेसन आणि सहकाऱ्यांनी फरसाठी पाळलेल्या मिंकांना (मुंगसासारखे दिसणारे, पाण्यात पोहणारे प्राणी) वेगवेगळ्या सोयींकडे नेणारी दारं दिली आणि त्या दारांवरचं वजन वाढवत नेलं. सगळ्यात जास्त जोर त्यांनी पोहायच्या पाण्यासाठी लावला. 2001 चा हा अभ्यास सांगतो की एक दिवस पोहायचं पाणी बंद केल्यावर त्यांच्या लघवीतलं कॉर्टिसोल वाढलं, जवळपास अन्न बंद केल्यावर वाढतं तितकंच. पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेले प्राणी होते हे.

आणि वागणूक अचानक बदलली तर स्वभावाला दोष देण्याआधी दुखणं शोधा. मांजराने उंचावर उडी मारणं सोडलं, तर सांधे तपासून घ्या. घुरघुरतंय म्हणून निर्धास्त होऊ नका, मांजरं वेदनेतही घुरघुरतात.

त्या कोपऱ्यातल्या कुत्र्यासाठी उद्या एवढं करा: पिंजऱ्याबाहेर त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसा, खाऊ बाजूला ठेवा, हाक मारू नका. मागे नखं वाजली तर वळू नका. किती वेळाने वाजली, ते वहीत लिहून ठेवा.